बिनकामाचा खर्च

या महिन्यात मी २,६१० रुपये बिनकामाचे खर्च केले. आधीच कबूल करून टाकतो. मी एका विनाअनुदानित शाळेत क्लार्क आहे. पगार सोळा हजार, तोही तारखेला झाला तर सणच. त्यात घर चालतं, पोरीची फी जाते, आईच्या गोळ्या येतात. अशा माणसानं अडीच हजार रुपये चैनीत घातले असं कुणी म्हटलं तर मला राग येणार नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या रागापायीच हे लिहायला बसलोय.

झालं असं, की या खर्चातली पहिली वस्तू म्हणजे एक लहानसा स्पीकर. मोबाईलला जोडायचा. १,२०० रुपये. डब्याच्या सुट्टीत मी तो टेबलावर उघडला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हसून म्हणाले, "वा! पगार झाला वाटतं. तुमच्या लोकांत पैसा काही टिकत नाही बघा."

वाईट मनानं बोलले नसतील. रोज मला चहा पाजतात. त्यांच्या घरावर यंदा तिसरा मजला चढतोय, आणि त्याच्या खालची जागा त्यांच्या आजोबांची आहे. त्यांचा पैसा टिकतो, कारण त्याला बसायला जागा आहे. आपला पैसा उभ्या उभ्या येतो आणि उभ्या उभ्याच जातो. एक कमावणार, नऊ खाणार. त्यातून उरलंच तर कुणाचं तरी दुखणं दारात उभं. टिकायला ते काय लोणचं आहे?

हे तिथंच सुनवायला हवं होतं. नाही सुनवलं. डबा बांधला आणि हजेरीपट उघडला. असले जबाब आपल्याला नेहमी घरी पोचल्यावर सुचतात.

घरी आलो आणि बापाची वही काढली.

बाप मनमाडला रेल्वेत गँगमन. पहार, फावडं, गिट्टी, रूळ, यात जन्म गेला. वही त्यानं धरली मे १९७४ मध्ये. ८ तारखेला रेल्वेचा देशभर संप लागला, २७ तारखेला मागं घेतला. मधल्या दिवसांत घरात पीठसुद्धा उसनं आलं. कुणाकडून किती आलं ते विसरू नये म्हणून चौथी शिकलेल्या बापानं आपल्या वाकड्या अक्षरात लिहायला घेतलं. संप मिटला, उसनं फिटलं, पण वही काही सुटली नाही. २००८ पर्यंत लिहीत होता. २००९ ला गेला. अशा नऊ वह्या आमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. आमची इस्टेट म्हणाल तर तीच.

वहीची एक रीत होती. डाव्या पानावर "कामाचा खर्च", उजव्या पानावर "बिनकामाचा खर्च". डावीकडे बाजरी, रॉकेल, पतपेढीचा हप्ता, आत्याचं बाळंतपण, माझ्या वह्या. आणि त्याच रांगेत वर्गणी. १४ एप्रिलची वर्गणी, सहा डिसेंबरला जाणाऱ्यांच्या शिदोरीची वर्गणी, नामांतराची वर्गणी. चौतीस वर्षांत वर्गणी एकदाही उजव्या पानावर गेलेली नाही. बाजरीच्या खाली वर्गणी, वर्गणीच्या खाली तेल. बापाच्या लेखी तिन्ही पोटालाच लागणाऱ्या वस्तू.

मग उजवीकडे काय? "पेटीचा भाता दुरुस्ती ३५ रु." "ढोलकीची पुडी १२ रु." "बुलबुलच्या तारा." "कोरी कॅसेट २२ रु." "ढोलकीवाल्याला पान." सगळं गाण्याचं. दारू नाही, बिडी नाही, पिक्चर नाही. नुसतं गाणं.

बापाची गायनपार्टी होती. पाच जणांची. एक पेटी, एक ढोलकी, एक बुलबुल, एक खंजिरी, आणि गायला बाप. वामनदादा कर्डक म्हणजे बापाचा अभिमानाचा विषय. देशवंडीचे, सिन्नर तालुक्यातले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. १९२२ चा जन्म. गिरणीत राबले, मोठेपणी अक्षर शिकले आणि हजारांनी गाणी लिहून २००४ ला गेले. बाप म्हणायचा, "अरे, मोठेपणी मुळाक्षरं गिरवलेला माणूस अख्खा महाराष्ट्र वाचायला शिकवून गेला." दादांची गाणी म्हणायची, मधे मधे आपली जुळवलेली दोन कडवी घुसवायची, रात्रभर गायचं, सकाळी सातला ड्युटीवर हजर. बिदागी काय, तर भाकरी आणि चहा. कधी येष्टीचं भाडं मिळालं तर मिळालं.

तरी तो त्याला "बिनकामाचा" खर्च म्हणायचा. मला याचं कोडं आहे. ज्या गाण्यांनी वस्त्यावस्त्यांत बाबासाहेब पोचवले, जिथं पेपर पोचत नव्हता तिथं महाड आणि नागपूर पोचवलं, त्या गाण्याच्या पेटीचा भाता बिनकामाचा? मला वाटतं बापाला त्यात मजा यायची. आणि ज्यात मजा येते ते कामाचं असू शकतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला आनंदाचीसुद्धा लाज वाटायला शिकवलंय. शेजारच्या टेबलावरून कुणी बोललं की ती लाज बरोबर जागी होते.

आता बाबासाहेबांकडे बघा. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस. पैशाचं त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? परदेशात पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं घेतली. १९१७ ला परत येताना ती वेगळ्या बोटीनं पाठवली, तर महायुद्धात ती बोटच बुडवली गेली. दुसऱ्यानं कानाला खडा लावला असता. यांनी पुन्हा पुस्तकं घेतली आणि ती मावावीत म्हणून दादरला राजगृह बांधलं. आणि उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. डोक्यावर देशाचं काम, अंगात मधुमेह, आणि हातात व्हायोलिन. या व्हायोलिनचा खर्च कुठल्या पानावर लिहायचा? मला विचाराल तर डाव्या.

प्रवासाचंही तसंच आहे.

गँगमनला रेल्वेचे पास मिळतात. बापाला मिळायचे. आख्ख्या हिंदुस्थानात कुठंही जाता आलं असतं. वहीत प्रवासाच्या नोंदी दोनच. दसऱ्याला नागपूर, सहा डिसेंबरला दादर. बाकीचे पास तसेच वाया जायचे. मी एकदा विचारलं होतं, "आपण कधी नुसतं फिरायला का नाही जात?" बाप म्हणाला, "आपल्याला गाडीनं कुठं नेलं नाही रे, आपण तिच्यात घुसलो."

तेव्हा कळलं नाही. पुढं बाबासाहेबांचं "वेटिंग फॉर अ व्हिसा" वाचलं तेव्हा कळलं. १९०१ साल. नऊदहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत बापाला भेटायला निघाला. नवे कपडे, रेल्वेचा पहिलाच प्रवास, मनात केवढी हौस. मसूरच्या स्टेशनावर उतरले, तर न्यायला कुणीच नाही. पत्र पोचलं होतं, पण नोकर ते द्यायला विसरला होता. स्टेशनमास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा फिरला. गाडीवाले भाडं दुप्पट देऊनही येईनात. शेवटी ठरलं काय, तर भाडं दुप्पट द्यायचं आणि बैलगाडीही पोरांनीच हाकायची. जवळ खायला होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून खाताही आलं नाही.

१९२९ ला चाळीसगावला पुन्हा तेच. चाळीसगाव आमच्या मनमाडच्याच लाईनवर. तोवर भीमराव बॅरिस्टर झालेले, डॉक्टर झालेले. टांगेवाल्यानं टांगा भाड्यानं दिला, पण महाराला बसवून तो हाकणार नाही म्हणाला. हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसानं हाकला. मोरीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बाप त्या लाईनवरून जाताना दर वेळी चाळीसगावला खिडकीतून बाहेर बघायचा. काही बोलायचा नाही.

तर ज्यांच्या प्रवासाचं पहिलं भाडंच दुप्पट होतं, त्यांच्या वहीत "सहल" हा शब्द कुठून येणार? आपण निघालो ते दुष्काळात निघालो, मोर्च्याला निघालो, १९७९ ला लाँग मार्चला निघालो, वंदनेला निघालो. नुसतं निघालो असं झालंच नाही.

आता आईचं सांगतो. खरं म्हणजे तिचंच सांगायचं होतं.

आई बाहत्तर वर्षांची. डावा कान गेलाय, उजवा चाललाय. कानाच्या यंत्राचा हप्ता मी भरतोय, तो डाव्या पानावर आहे. डॉक्टर म्हणाले, यंत्र मदत करील, पण जे जातंय ते जाणारच. त्या रात्री आई म्हणाली, "तुहा बाप कसा गायचा, त्ये ध्यानात ऱ्हायलं न्हाई रं." आणि मला शोध लागला. आमच्या घरात बापाच्या आवाजाची एकही कॅसेट नव्हती. बावीस रुपयांची ती कोरी कॅसेट गेली कुठं?

पार्टीतले पेटीवाले आबा तेवढे उरलेत. येवल्याच्या पलीकडं एका गावात असतात. निरोप पाठवला, तर त्यांच्याकडून उत्तर आलं की कॅसेट आहे, टेप नाही. म्हणून आमचा जुना टेप माळ्यावरून काढला. आतला पट्टा वितळून डांबर झालेला. मनमाडात असला टेप उघडणारा एकच म्हातारा कारागीर उरलाय. त्यानं पट्टा घातला, हेड पुसला, ४५० रुपये घेतले. आईला रबरी चप्पल घेतली, ३५० रुपये. तिचं कारण पुढं सांगतो. आणि एका रविवारी मायलेक येष्टीनं निघालो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. आईनं कंडक्टरसमोर आधार कार्ड असं काही धरलं, की जणू एस.टी. तिच्याच मालकीची. येवल्याला मुक्तिभूमीवर दहा मिनिटं थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा याच येवल्यातली. मग शेअर रिक्षानं गावात. जाण्यायेण्याचं आणि आबांना नेलेल्या केळीबिस्किटांचं मिळून ३१० रुपये.

"जयभीम वहिनी," आबा म्हणाले.

"जयभीम भावजी. ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोला."

कॅसेटवर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं, १४ एप्रिल ८६. एका बाजूला बुरशी धरलेली. दुसऱ्या बाजूला आबांच्या नातवानं कधीतरी सिनेमाची गाणी भरलेली. बापाचा आवाज उरला होता अकरा मिनिटं. यंत्र कानाला, टेप मांडीवर, आणि मांडीवरच्या टेपवर वाकलेली आई. खरखर झाली, पेटी आली, ढोलकी आली, आणि मग बाप आला. गाण्याच्या मधेच ढोलकीवाला चुकला. बापानं गाणं थांबवून त्याला काहीतरी म्हटलं आणि खदाखदा हसला. सगळी पार्टी हसली. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आईनं हात वर केला. "थांब. आता हसला का त्यो?"

मी म्हणालो, "हो."

"पुन्यांदा लाव."

चार वेळा लावलं. गाणं नव्हे, हसणं. मग म्हणाली, "घरी हसाया त्याला येळ नव्हता." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या रातच्याला चाळीस भाकरी म्याच थापल्या व्हत्या. भित्ताडाच्या पल्याड. ढोलकी तेवढी यायची, शबूद येत नव्हते. म्या तुह्या बापाचं गाणं म्होरं बसून कंदी आयकलंच न्हाई. आज आयकलं."

मित्रांनो, मी त्या गायनपार्टीचा पोरगा म्हणून तुमच्यापुढं मिरवत आलोय. भाषणातून बापाचा दाखला दिलाय. त्या रात्री परत आल्यावर मी नऊच्या नऊ वह्या उलटल्या. उजव्या पानांवर आईच्या नावाची नोंद शोधली. गजरा, चहा, भेळ, काहीही. चौतीस वर्षांत एक नाही. डाव्या पानावर ती आहे, औषध आणि लुगडं या रकान्यात. रमाईचं गाणं म्हणताना बापाचे डोळे भरायचे, हे आबांनीही सांगितलं. आणि ते गाणं चाललेलं असताना त्याची स्वतःची बायको भिंतीपलीकडं धुरात बसलेली होती. बाप वाईट नव्हता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ जसे वाईट नाहीत, तसाच. त्याला दिसलं नाही, एवढंच. पण न दिसण्याचंही बिल कुणीतरी भरत असतं, आणि आमच्या घरात ते आईनं भरलं. मी तरी काय वेगळं केलं? माझ्याही वहीत बायकोचं नाव डावीकडंच निघालं.

येताना आबांनी कॅसेट आम्हालाच दिली. ती मोबाईलमध्ये उतरवून घ्यायला ३०० रुपये लागले. स्पीकर त्याच्यासाठी घेतला होता. मोबाईलच्या आवाजात आईला शब्द लागत नाहीत. स्पीकर तिच्या उजव्या कानाशी ठेवला की लागतात. झाले सगळे मिळून २,६१०. मोजून बघा.

मागल्या आठवड्यात वस्तीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. १४ एप्रिलला यंदा डीजे मोठा आणायचाय म्हणाली. मी पाचशे दिले आणि बापासारखेच बाजरीखाली लिहिले. नाचायला मीही येणार आहे, तेव्हा मला म्हाताऱ्यात काढू नका. पण मी त्यांना ती अकरा मिनिटं ऐकवली. एक जण म्हणाला, "काका, आवाज फाटलाय, बेस नाही." खरं आहे, नाही. दुसऱ्यानं काही न बोलता ती आपल्या मोबाईलवर घेतली. मग मी म्हणालो, मला दोन गोष्टी पायजेत. डीजेच्या आधी अर्धा तास पेटीढोलकी. आणि त्या अर्ध्या तासात पुढच्या खुर्च्या बायकांना, स्वयंपाक पुरुषांकडं. खुर्च्यांवर सगळे लगेच राजी झाले. स्वयंपाकावर हशा पिकला. सात पोरांतल्या दोघांनी नाव लिहून दिलं. दोन आणि मी, तीन. चाळीस भाकरी तिघांत होतील, वाकड्यातिकड्या होतील, पण होतील. तुमच्या वस्तीत किती जण नाव देतात ते विचारून बघा. उत्तरावरून आपली चळवळ कुठवर आलीय ते कळेल.

आता चपलेचं.

आई चाळीसेक वेळा दादरला गेलीय. चैत्यभूमीच्या मागं समुद्र आहे. मी सहज विचारलं, "समुद्रात पाय घातलेस का कधी?" तर म्हणाली, "कवा घालू? रांग सोडून? समिंदर म्या दरसाली बघितला, पन लोकांच्या खांद्यामधून." तेव्हाच ठरवलं. या महिन्याचा शेवटचा मंगळवार. सहा डिसेंबर नाही, जयंती नाही, मोर्चा नाही. आईचा पास आहे, माझं तिकीट काढायचं. सकाळची पंचवटी धरायची, दादरला उतरायचं. आधी वंदना करायची, ती ठरलेलीच. मग वाळूत उतरायचं, पाण्यात पाय घालायचे, भेळ खायची. स्पीकर बरोबर घ्यायचा. लाटांच्या आवाजात ऐकू येईल का, माहीत नाही. नाही आलं तर नुसतं बसायचं. बायको आणि पोरगीही येणार आहेत. शाळेत रजेचा अर्ज दिलाय. कारणाच्या जागी मी "घरगुती काम" लिहिलं होतं. ते खोडून "समुद्र पाहणे" लिहिलं. शेजारच्या टेबलानं वाचलं. या वेळी काही बोललं नाही.

आई मात्र विचारत होती, "खर्च किती येईल रं?"

मी सांगितलं.

"मंग कोन्च्या पानावर लिवशील?"

दहावी वही मी सुरू केलीय. तिच्यात मधोमध रेघ मारलेली नाही.